आवाज न करणारं जेवण

थोरलीचा शत्रू अंडाकृती होता. त्याला काचेचं झाकण होतं, दोन कान होते आणि पोटावर एक गोल बटण होतं. बटणाला तीन खुणा : मंद, जोरात आणि नुसतं गरम. बाकी स्वभाव शांत. दिवसभर धाकटीच्या ओट्यावर बसून असायचा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अशांचाच जास्त राग येतो.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. दोघी एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत राहायच्या. मधे जिना. खालच्या मजल्यावर बाबा. आई गेल्यापासून बाबा संध्याकाळी जेवायला वर यायचे आणि वर आले की डावीकडे वळायचे. डावीकडे थोरली होती. उजवीकडे वळण्यात काही अर्थच नव्हता, कारण धाकटीला स्वयंपाक येत नव्हता. हे कुणी वाईट मनाने म्हणत नसे, धाकटी स्वतःच सांगायची. ती एका विमा कंपनीत बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. सकाळी जायची ती अंधार पडायच्या सुमारास यायची आणि ब्रेडला काहीतरी फासून उभ्या उभ्या खायची. थोरलीला तिची फार दया यायची. दया करण्यात थोरलीच्या कित्येक संध्याकाळी मजेत गेल्या होत्या.

मग धाकटीने स्लो कुकर आणला.

सकाळी कांदा, गाजर, बटाटा, मटणाचे चार तुकडे असं काहीबाही त्यात टाकायचं, पाणी ओतायचं, बटण मंदवर फिरवायचं आणि कामाला चालू लागायचं. संध्याकाळी येऊन झाकण उघडायचं. झालं. थोरलीच्या मते हा स्वयंपाक नव्हता, ही गैरहजेरी होती.

"रस्सा शिजतोय आणि करणारी घरातच नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "याला स्वयंपाक म्हणायचा?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. राहायचा मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, आणि यावर कुणी हसलं की त्याला वाईट वाटायचं. "लिफ्टही आत कुणी नसताना वर-खाली करते," तो म्हणाला.

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. आठवलं म्हणून सांगितलं."

पहिल्या दिवशी बाबा जिन्यातूनच ओरडले, "आज जरा धाकटीकडे बघतो गं, तिने बोलावलंय," आणि उजवीकडे वळले. थोरली म्हणाली, जा की. मोठ्या मनाची माणसं म्हणतात तसं म्हणाली. दुसऱ्या दिवशीही ते उजवीकडे वळले. तिसऱ्या दिवशी ओरडायचंही बंद झालं, नुसती उजवीकडची कडी वाजली. थोरली बाबांचं ताट मांडून बसली होती. ताट मांडणं तिने सोडलं नाही. रोज मांडायची, रोज तसंच उचलून ठेवायची, आणि ते स्वच्छ ताट रोज घासायची. जरा जोरातच घासायची.

कारण बाबांना तिच्याच हातचं आवडतं, हे या घरात ठरलेलं होतं. थोरलीच्या हाताला कुरकुरीतपणा होता. जाड बुडाच्या तव्यावर ती बटाट्याचे काप असे भाजायची की खाणाऱ्याचं बोलणं शेजाऱ्याला ऐकू येत नसे. "खाताना आवाज आला नाही, तर माणूस जेवतोय की झोपलाय हे कळणार कसं?" असं तिचं म्हणणं. आणि चावण्याबद्दल तिला ठाम मतं असणारच. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि थोरली त्यावरून कवळ्या घडवायची. शहरातली अर्धी म्हातारी माणसं तिच्या दातांनी हसत होती.

बाबांची कवळीही तिनेच केलेली. नवी कवळी कुठे ना कुठे बोचतेच. मग ती जागा घासून कमी करायची, पुन्हा घालून बघायची, पुन्हा घासायची. पेशंट दोन-तीन चकरा मारतोच मारतो. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "जणू उगवलेत!" एकदाही घासावी लागली नाही. लॅबमध्ये असं कधी झालं नव्हतं. थोरलीने ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली, लॅबमधल्या मुलींना सांगितली, माप आणून देणाऱ्या कुरिअरवाल्याला दोनदा सांगितली, आणि एकदा चुकून फोन लावलेल्या एका परक्या बाईलाही सांगितली.

तर असे दात, आणि ते धाकटीच्या रश्श्यात वाया चालले होते.

सगळ्यात वाईट म्हणजे वास. लॅब दुपारीच सुटायची. थोरली जिना चढून वर आली की धाकटीच्या दाराखालून तो वास येऊन तिच्या पायाशी बसायचा. वास चांगला होता, हीच तर अडचण. थोरली घरात जाऊन टॉवेल आणायची आणि वाकून तो वास धाकटीच्या दाराखालून परत आत ढकलायची. एकदा वरच्या मजल्यावरचे पोस्टमन जिन्याने उतरताना थांबले.

"काही सांडलं का?"

"हो," थोरली म्हणाली.

पोस्टमन कोरड्या फरशीकडे बघत खाली गेले.

शेवटी ती एकदा बहिणीकडे गेलीच. झाकणाकडे बोट दाखवून विचारलं, "काय काय घालतेस गं यात?"

"काही नाही ताई. असंच. घरात असेल ते."

'असंच' या शब्दाने थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने बटाट्याचा काप किती जाड हवा हे शिकायला उमेदीची वर्षं घालवली होती. आणि ही म्हणते, असंच.

बाबांकडे दोन्ही घरांच्या किल्ल्या होत्या आणि बहिणींकडे एकमेकींच्या. धाकटीची किल्ली थोरलीकडे होती ती झाडांना पाणी घालायला म्हणून. झाड एकच होतं, आणि तो निवडुंग होता. त्याला महिन्यातून एकदा घोटभर पाणी पुरायचं. आता त्याला रोज पाणी मिळू लागलं. दुपारी घरी आली की थोरली दाराशी चपला काढायची, किल्लीने दार उघडायची, निवडुंगाला पाणी घालायची, म्हणजे आपण पाणी घालायलाच आलो हे स्वतःलाही पटायचं, आणि मग ओट्यापाशी जाऊन झाकण उचलायची.

ते उचलायचं नसतं. खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलं होतं : मधेच झाकण उघडलं की वाफ निघून जाते आणि जेवण लांबतं. म्हणूनच थोरली उचलायची. झाकण हातात धरून ती त्या रश्श्याकडे बघत उभी राहायची आणि रस्सा तिच्याकडे बघत गार होत जायचा. दोघांनाही घाई नसायची.

डाव सरळ होता. जेवण लांबेल, बाबांना भूक अनावर होईल, ते डावीकडे येतील. झालं भलतंच. जेवण लांबलं, म्हणून धाकटीने पत्ते काढले. आता बाबा जेवणाआधी तासभर पत्ते खेळायला लागले. जिन्यापलीकडून हसण्याचा आवाज यायचा. थोरली दाराला कान लावून उभी राहायची.

"काय म्हणतायत?" नवऱ्याने विचारलं.

"बदामाची राणी."

"मग?"

"मग काय मग! माझ्याशी कधी खेळले पत्ते?"

"तू कुठे खेळतेस?"

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्क्रू ड्रायव्हर शोधायला आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ शोधत राहिला.

मग तिने डाव उलटा केला. झाकणाला हात लावला नाही. आल्या आल्या बटण मंदवरून जोरातवर फिरवलं. होऊ दे त्याचं वाट्टोळं. संध्याकाळी साखर मागायच्या निमित्ताने वाटी घेऊन गेली, बाबांचा पडलेला चेहरा बघायला. रश्श्याची दशा झाली होती. गाजर कुठलं आणि मटण कुठलं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बाबांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले.

"वा! आजवरचं सगळ्यात उत्तम. तोंडात घातलं की संपलं."

"काहीतरीच हं बाबा," धाकटी लाजून म्हणाली. "असंच झालं."

थोरली साखर न घेताच परत आली.

"लगदा होता लगदा!" ती नवऱ्याला म्हणाली. "भिंतीला पोपडे आले तर भरायला होईल असा. आणि बाबा म्हणतात उत्तम. त्यांच्या जिभेला झालंय तरी काय?"

"खरंच छान होता," नवरा म्हणाला.

थोरलीने हातातली रिकामी वाटी खाली ठेवली.

"तुम्ही कधी खाल्लात?"

"वास," नवरा म्हणाला. "वास छान होता म्हणतोय मी."

पुढचे दिवस थोरलीने मनाला बरंच समजावलं आणि मनाने काहीही ऐकलं नाही. चव तिच्याकडे होती, मेहनत तिच्याकडे होती, बाबांच्या तोंडातले दातसुद्धा तिचे होते. मग बाबा तिकडे का? एकच उत्तर उरत होतं, आणि ते तिला मनातल्या मनातही उच्चारवत नव्हतं : बाबांना धाकटी जास्त आवडते.

एका दुपारी ती पुन्हा धाकटीच्या ओट्यापाशी उभी होती. निवडुंगाला पाणी घालून झालं होतं. तो आता फुगून एका बाजूला कलला होता. तिने झाकणाला हात घातला आणि दारात किल्ली फिरली.

थोरली फ्रीज आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरली. तिथे इस्त्रीचं टेबल उभं करून ठेवलेलं होतं. त्याच्यामागे ती पोट आत घेऊन उभी राहिली आणि इस्त्रीच्या टेबलासारखं वागायचा प्रयत्न करू लागली.

आत आले ते बाबा. आज भूक लवकर लागली असावी. त्यांनी वाटी घेतली, झाकण उचललं, वाटी भरली आणि झाकण परत ठेवलं. मग मान खाली घालून तोंडात बोटं घातली, आधी वरची कवळी काढली, मग खालची. रुमालाने पुसून दोन्ही एकावर एक अशा झाकणावर ठेवल्या आणि खुर्चीत बसून नुसत्या हिरड्यांनी रस्सा खायला लागले.

थोरली फटीतून बघत होती. वरच्या पुढच्या दोन दातांत तिने मुद्दाम किंचित वाकडेपणा ठेवला होता, कारण बाबांचे खरे दात तसेच होते. त्या वाकडेपणासाठी ती दोन दिवस जुन्या फोटोंवर भिंग धरून बसली होती. आता ते दात शत्रूच्या डोक्यावर, काचेवरच्या वाफेत बसून तिच्याकडे बघत हसत होते.

"ये बाहेर," बाबा मागे न वळता म्हणाले. दातांशिवाय त्यांचा आवाज मऊ आणि लांबून आल्यासारखा वाटत होता. "ते टेबल पडेल अंगावर."

थोरली हलली नाही. निवडुंगाशी बोलत असतील कदाचित.

"चपला आहेत दारात तुझ्या. रोज असतात. मी गच्चीवर फिरायला जातो तेव्हा दिसतात."

थोरली बाहेर आली. "झाडाला पाणी घालायला आले होते."

"बरं," बाबा म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून, "लाजू नकोस गं. मी कुणाला सांगितलेलं नाही. चोरून येऊन खातेस, ते मला कधीच कळलंय. आवडतं एखाद्याला. त्यात एवढं काय?"

"मी? चोरून? हे?"

"धाकटीला तर अजिबात बोललो नाही. तुला कमीपणा वाटेल म्हणून."

या आरोपातून निर्दोष सुटायचं तर खरा गुन्हा कबूल करावा लागणार होता. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "गाजर बरं असतं." आयुष्यात इतकं कडू वाक्य ती बोलली नव्हती.

मग तिची नजर झाकणाकडे गेली. "दात का काढलेत?"

"गरम व्हायला ठेवलेत."

"बाबा."

"हवेशीर असावेत अधूनमधून."

"बाबा!"

बाबांनी चमचा वाटीत ठेवला. "बोचतात गं. खाली, डावीकडे."

"कधीपासून?"

"'जणू उगवलेत' म्हणालो ना, तेव्हापासून."

"मग तसं म्हणालात कशाला?"

"तू मागे उभी होतीस, आरशात दिसत होतीस. तुझा चेहरा इतका आनंदलेला होता, की माझ्या जागी तू असतीस तर तूही तेच म्हणाली असतीस. म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांत तू कुरिअरवाल्याला सांगून आलीस, एकदाही घासावी लागली नाही म्हणून. आता त्याच्यासमोर तुला तोंडघशी पाडू?"

"आणि माझे काप? रोज खायचात की!"

"खिशात," बाबा म्हणाले. "रुमालात बांधून खाली न्यायचो आणि पाण्यात भिजवून खायचो. चव सुंदरच गं तुझ्या हाताला."

थोरली खुर्चीत बसली. पाण्यात. तिचे काप. हे थोडं पचतंय न पचतंय तोच दुसरं काहीतरी वर आलं.

"धाकटीला माहीत आहे?"

बाबांनी चमचा उचलून रस्सा ढवळला.

"तिला सांगितलंत? मला नाही, आणि तिला?"

"सांगितलं नाही. तिने विचारलं."

"काय विचारलं?"

"दुखतंय का, एवढंच. दुसऱ्या दिवशी जाऊन ते भांडं घेऊन आली."

थोरलीनेही विचारलं होतं. रोज विचारलं होतं : मस्त बसली ना? दुसऱ्या कुणाची इतकी छान बसत नाही, माहितीये ना? बाबांना 'हो' म्हणण्याशिवाय जागाच ठेवली नव्हती. आतापर्यंत तिला एका भांड्याचा हेवा वाटत होता, ते निदान परवडण्यासारखं होतं. आता तिला चक्क एका प्रश्नाचा हेवा वाटू लागला.

पण कामात ती चोख होती. घरून रंगाची कांडी आणून तिने बाबांच्या हिरडीवरच्या लालभडक जागेला टिंब लावलं, कवळी घालून काढली, रंग जिथे उमटला ती जागा पाहिली आणि कवळी डबीत ठेवली. "उद्या देते," म्हणाली. बाबा म्हणाले, "राहू दे गं, चाललंय की." तिने डबी मिटली.

सकाळी लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी पोचून तिने घासायचं छोटं मशीन सुरू केलं आणि कवळी हातात घेऊन तशीच बसून राहिली. काम चहा गार व्हायच्या आत संपेल एवढंच होतं. पण घासायच्या क्षणी तिच्या लक्षात आलं, की आज बाबा उजवीकडे वळतात त्याला कारण आहे. दात बोचतात. किती सभ्य कारण! हे एकदा घासलं, की कारण संपलं. मग बाबा दोन्हीकडचं खाऊ शकतील, आणि त्यानंतरही ते उजवीकडेच वळले तर? तर थोरलीपाशी काहीच उरणार नव्हतं, एक स्वच्छ ताट सोडून.

मशीन घुंई घुंई करत होतं. कवळी तिच्याकडे बघत होती, पुढचे दोन दात वाकडे करून.

"हसू नका," थोरली म्हणाली, आणि घासलं. गुलाबी भुकटी टेबलावर पडली. कुरिअरवाला माप घेऊन आला तेव्हा तिने आपणहून सांगितलं, "बाबांची घासावी लागली."

"कुणाची काय?" तो म्हणाला. त्याला काहीही आठवत नव्हतं.

दुपारी तिने बाबांना कवळी बसवून दिली. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, जबडा इकडून तिकडे फिरवला. "दुखतंय का?" तिने विचारलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. जेवायला या म्हणून ती म्हणाली नाही. तेवढा मान तिने राखला, आणि त्याचा तिला दिवसभर त्रास झाला.

संध्याकाळी तिने तवा तापवला. काप टाकले. समोरच्या दारामागून झाकणाची खणखण ऐकू आली, म्हणजे धाकटी आली होती. मग जिन्यात पावलं वाजली. थोरली धावत जाऊन दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिली. बाबा वर आले. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. आणि मधोमध शेवटच्या पायरीवर बसले.

"दोघी बाहेर या," ते म्हणाले. "दोन्ही भिंगांतून डोळे दिसतायत मला. मी इथेच जेवणार. घेऊन या काय ते."

थोरलीने कापांचं ताट आणलं. धाकटीने वाटी आणली. बाबा मांडीवर ताट, ताटात वाटी असे बसले. खालून नवरा कामावरून आला आणि दोन पायऱ्या अलीकडे अडकला.

"वर जायला जागा आहे का?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"लिफ्ट असती तर..." तो म्हणाला आणि तिथेच बसला.

बाबांनी एक काप उचलला. थोरलीने श्वास रोखला. बाबांनी तो काप सावकाश रश्श्यात बुडवला.

"त्यात?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं. "बाबा, त्यात नका!"

तोवर काप तोंडात गेला होता. आणि आवाज आला. कर्रर्र. रश्श्यात भिजूनसुद्धा आला. फार मोठा नव्हता, पण जिन्यात घुमला. बाबा थांबले. त्यांनी दुसरा काप घेतला, तो कशातही न बुडवता खाल्ला, मग तिसरा, मग चौथा. जिना नुसता वाजत होता. ते असे खात होते, की मधे कुणी बोललं असतं तर ऐकू गेलं नसतं. वाटी तशीच होती.

थोरलीने सहज म्हणून समोर पाहिलं. धाकटी दाराला टेकून उभी होती. चेहऱ्यावर हसू होतं, पण तिची नजर वाटीवरून कापांवर आणि कापांवरून वाटीवर फिरत होती. ती नजर थोरलीने कुठेतरी पाहिली होती. मग आठवलं. रोज पाहायची, स्लो कुकरच्या झाकणात.

"काय गं घालतेस यात, ताई?" धाकटीने विचारलं.

"काही नाही गं," थोरली म्हणाली. "असंच."

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर थोरली जिना चढून वर आली. आज दाराखालून वास येत नव्हता. आयुष्यात कधी रजा न घेतलेल्या धाकटीच्या चपला थोरलीच्या दाराबाहेर होत्या, घाईघाईत काढलेल्या, एक उलटी. आतून तवा हळूच ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

थोरलीने उलटी चप्पल सुलटी केली, दोन्ही नीट जुळवून ठेवल्या आणि पायरीवर बसून राहिली. तिला मुळीच घाई नव्हती.